ज्वारीत टांगलेला साखरपुडा

हसायचं नाही, एवढं आधी कबूल करा, मगच सांगतो. कारण हा किस्सा मी ज्याला ज्याला सांगितला, त्यानं सगळं ऐकून घेतल्यावर मला एकच गोष्ट विचारली, "मास्तर, तुम्ही खरंच शाळेत शिकवता?" शिकवतो हो. मंचरला, हायस्कुलात, भूगोल. पोरांना नकाशात नद्या शोधायला लावणाऱ्या माणसाला स्वतःच्या कॉम्प्युटरात एक फोटो सापडू नये, हे मलाही पटत नाही. पण झालं खरं.

साधारण दोन हजार सात-आठची गोष्ट. आम्ही राहतो अवसरी बुद्रुकला. त्या वेळी गावात मोबाइल आले होते, पण त्यांच्यावर फक्त बोलता यायचं. आमच्या घरात मात्र कॉम्प्युटर होता. सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्याला जुन्या साडीचं झाकण शिवलं होतं. आणि माझ्याकडं डिजिटल कॅमेरा होता. रोल नको, धुणं नको, काढला की लगेच मागच्या काचेत दिसतो! त्यामुळं बारसं असो, नवी बैलजोडी असो, विहिरीला लागलेलं पाणी असो, "मास्तरला बोलवा" ठरलेलं.

ते फोटो मी कॉम्प्युटरात कसे ठेवायचो? जसे सगळे ठेवतात तसे. एका फोल्डरचं नाव 'दिवाळी', दुसऱ्याचं 'दिवाळी नवीन', मग 'नवीन', मग 'नवीन दोन', आणि एकाचं 'बघणे'. ते आजतागायत बघितलेलं नाही. शिवाय प्रत्येक कार्यक्रमाची एक सीडी भरून, वर मार्करनं नाव लिहून, कपाटात ठेवायचो. म्हणजे गबाळा होतो, पण सुरक्षित होतो. हे वाक्य लक्षात ठेवा.

आता दाजींची ओळख करून देतो, त्यांच्याशिवाय हा किस्सा पुढं सरकत नाही. आम्ही तीन भावंडं. दादा थोरला, तो शेती बघतो. मधली अक्का. मी धाकटा. अक्काला दिली ओतूरच्या अलीकडच्या एका गावात, आणि तिचे मालक ते दाजी. माणूस फार चांगला. रात्री-अपरात्री कुणाच्याही मदतीला धावणारा. फक्त मानाचा विषय निघाला की त्यांचं सगळंच बदलायचं.

आणि आमच्याकडं मानाचा विषय म्हणजे सत्कार. लग्न असो, साखरपुडा असो, सत्कारावाचून कार्य पुरं होत नाही. माईकवर नाव पुकारायचं. पाहुण्यानं "नको नको" करत पुढं यायचं. यजमानानं त्याच्या डोक्याला टोपी, खांद्यावर टॉवेल आणि हातात नारळ द्यायचा. हा "नको नको" म्हणणारा माणूस आपलं नाव येईपर्यंत कान टवकारून बसलेला असतो बरं का.

तर माझ्या स्वतःच्या लग्नात दाजींचं नाव पुकारलंच गेलं नाही. यादी कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिहिलेली होती. पुकारणाऱ्यानं पुढची बाजू वाचली, कागदाची घडी करून खिशात घातली आणि मंगलाष्टकं सुरू करायला सांगितली. मागच्या बाजूला 'घरचे जावई' असं लिहून खाली पहिलंच नाव दाजींचं होतं. दाजी न जेवता उठले, अक्काला घेऊन गेले, आणि आठ वर्षं त्यांनी आमच्या घराचा उंबरा ओलांडला नाही. सगळा बोल लागला दादाला, कारण घरातला कर्ता तो. ती यादी कुणाच्या अक्षरात होती, हे त्या गडबडीत कुणी विचारलं नाही. आणि कुणी न विचारता आपण होऊन सांगावं, असं मलाही कधी वाटलं नाही.

आठ वर्षं आमची भाऊबीज कुठं झाली सांगू? आळेफाट्याला. स्टँडसमोरच्या हॉटेलात, बाकड्यावर. अक्का ताट आणायची, मी फराळाचा डबा न्यायचो, आणि वेटर "दोन कटिंग" म्हणून ओरडत असताना ती मला ओवाळायची. दादा लाजेनं यायचा नाही. गंमत म्हणजे अक्काला तिथवर गाडीवर आणून सोडायचे स्वतः दाजीच. सोडायचे आणि रस्त्याच्या पलीकडं आमच्याकडं पाठ करून उभे राहायचे. रुसवा मोडायचा नव्हता आणि बायकोची भाऊबीजही बुडवायची नव्हती. मला त्या पाठीचा राग येत नसे. आतून फार वाईट वाटायचं.

मग दादाच्या मुलीचं, वैशालीचं लग्न जमलं. साखरपुडा घरीच करायचा ठरला. दादा स्वतः दाजींच्या घरी गेला, तिथं काय बोलला देव जाणे, पण दाजी आले. दादानं दारात मांडव टाकला होता, मागं पांढरी चादर लावली होती. फोटोग्राफर सांगू या, असं सगळे म्हणत होते. नको कुणी म्हटलं असेल? मीच. "मी आहे ना," म्हटलं. "उगाच कशाला परका माणूस?"

त्या दिवशी दादानं एकसष्ट लोकांचे सत्कार केले. साठ जणांना टोपी, आणि सगळ्यांत पहिला मान दाजींना. त्यांना टोपी नाही, गुलाबी फेटा, आणि तोही दादानं स्वतःच्या हातानं बांधलेला. बांधताना दादाला तो दोनदा सोडून पुन्हा गुंडाळावा लागला. अक्का दारात उभी राहून डोळे पुसत होती. मी तो फोटो काढला. शेवटी कुणीतरी म्हणालं, मास्तर सकाळपासून उभे आहेत, त्यांचाही सत्कार करा. मी "नको नको" म्हटलं आणि कॅमेरा सुनंदाच्या हातात दिला. तो बासष्टावा.

निघताना दाजींनी माझा दंड धरला. म्हणाले, "मास्तर, ह्यो फोटू मला पायजे. मोठा करून. भिंतीला लावनार हाये मी." मी म्हटलं, आठ दिवसांत देतो.

दिला का आठ दिवसांत? नाही. कारण मधेच आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांनी मला एक नवा प्रोग्राम आणून दिला. फोटो सांभाळायचा प्रोग्राम! सर म्हणाले, "ते फोल्डर-बिल्डर विसरा आता. हा सगळे फोटो स्वतः शोधतो, स्वतः लावतो, तारखेप्रमाणे." मला वाटलं, आता सगळं नीट लावू या, मग निवडून एकदमच मंचरला छापायला टाकू.

प्रोग्राम टाकला. त्यानं कॉम्प्युटरचा कोपरान् कोपरा धुंडाळून फोटो गोळा केले आणि तारखेप्रमाणे लावले. आता मी कॅमेऱ्यात तारीख कधी घातलीच नव्हती. त्यामुळं माझ्या धाकट्या लेकीचं बारसं, शाळेची सहल, बैलपोळा आणि वैशालीचा साखरपुडा असं सगळं एकाच एक जानेवारीला उरकलेलं दिसत होतं. पण दिसायला काय सुंदर! काळ्या पडद्यावर एकेक फोटो पान उलटल्यासारखा सरकत यायचा. मी शेजारपाजाऱ्यांना बोलावून दाखवला.

आणि इथं मी पहिला शहाणपणा केला. म्हटलं, सगळं आता प्रोग्रामात आलं, मग कपाटातल्या सीड्या कशाला अडवून ठेवायच्या? त्याच सुमाराला दादाची ज्वारी हुरड्यात आली होती आणि पाखरांनी उच्छाद मांडला होता. आमच्याकडं पाखरं हाकायला शेतात सीड्या टांगतात. उन्हात चमकतात, वाऱ्यावर फिरतात, पाखरं बिचकतात. मी कपाटातल्या सगळ्या सीड्या दादाला देऊन टाकल्या. दादाला इतका आनंद झाला की त्यानं त्यावरची नावंही वाचली नाहीत. त्याला काय माहीत, आपण आपल्याच पोरीचा साखरपुडा सुतळीला बांधतोय?

दुसरा शहाणपणा त्यानंतरच्या रविवारी. त्या प्रोग्रामात एक सोय होती. सारखे दिसणारे फोटो शोधायचे, त्यातला एक ठेवायचा, बाकीचे उडवायचे. माझे कितीतरी फोटो 'नवीन' आणि 'नवीन दोन' मध्ये दोनदोनदा होते, तेव्हा म्हटलं बरं झालं. बैलाचे पाच फोटो दाखवले, विचारलं, एकच ठेवू का? खरोखर पाचही एकच होते. हो म्हटलं. सहलीचे तीन. हो. बारशाचे चार. हो. फारच हुशार होता. आणि घड्याळात बघतो तर तीनला दहा कमी. तीनला आमच्याकडं भारनियमनाची लाइट जायची, ती जायचीच, एक मिनिट इकडं-तिकडं नाही. प्रत्येकाला हो म्हणत बसलो असतो तर काम अर्धवट राहिलं असतं. खाली एक बटण होतं, सगळ्यांनाच हो. दाबलं.

एवढ्यावर तरी थांबावं ना? पण मला पहिल्यापासून स्वच्छतेची आवड. कॉम्प्युटरातली कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. बरोबर तीनला लाइट गेली आणि मी समाधानानं चहा मागितला.

मंगळवारी अक्काचा फोन आला. आवाज दबका होता. "बाळू, त्या फोटूचं काय झालं रे? ह्यांनी भिंतीला खिळा मारून ठेवलाय. रोज सकाळी उठलं की त्या खिळ्याकडं बघत्यात. काल म्हनले, फोटू येत न्हाई म्हंजी पुन्हा आपल्याला यादीच्या मागल्या बाजूला टाकलं. मंग लग्नाला जायचं का न्हाई ते इचार करून ठरवू." मग म्हणाली, "मला वैशूच्या लग्नाला यायचंय रे बाळू."

मी म्हटलं, अक्का, उद्या फोटो तुझ्या हातात. फोन ठेवला, कॉम्प्युटर लावला. साखरपुडा काढला. वैशाली होती, नवरदेव होता, जेवणाच्या पंगती होत्या. सत्कार मात्र एकच होता. टोपी घातलेला, नारळ धरलेला मी!

तुम्हाला लक्षात आलंच असेल. मागं तीच पांढरी चादर, तोच हात वर केलेला दादा, समोर पांढऱ्या कपड्यातला, मिशीवाला, वाकलेला माणूस. बासष्ट वेळा. त्या बिचाऱ्या प्रोग्रामला काय कळणार, की ह्यात एक सरपंच आहे, एक व्याही आहे, आणि एक आठ वर्षांनी आलेला जावई आहे? त्याला वाटलं, एकच माणूस बासष्ट वेळा टोपी घालून घेतोय. त्यानं शेवटचा ठेवला आणि एकसष्ट पुसले.

सुनंदा माझ्या मागं उभी होती. तिनं शांतपणे सांगितलं, आत्ताच्या आत्ता दाजींना फोन करा आणि चुकलं म्हणा. किती साधी गोष्ट होती! पण मास्तर माणसाला 'चुकलं' एवढा शब्द वहीत लाल शाईनं लिहिता येतो, तोंडानं बोलता येत नाही. मी म्हटलं, थांब, कॅमेरा केव्हाच रिकामा केलाय, पण सीडी आहे ना. आणि मग मला ज्वारी आठवली.

दादाच्या वावरात गेलो. पंधरा दिवस ऊन, दव आणि वारा खात सीड्या लटकत होत्या. दादानं दोन-दोन सीड्या पाठीला पाठ लावून तारेनं आवळल्या होत्या, दोन्हीकडून चमकाव्यात म्हणून. मी ज्वारीच्या ताटांतून वाट काढत एकेका जोडीची तार सैल करून आतली नावं वाचू लागलो. 'बैलपोळा'. 'सहल'. 'बारसं'. पाखरं माझ्या डोक्यावर बसायची तेवढी बाकी राहिली होती. तेवढ्यात बांधावरून दादाचा आवाज आला, "बाळू, काय करतुयास रं?"

मी सांगितलं, सीड्या तपासतोय, जोडीचं एक तोंड उगवतीकडं पाहिजे, त्याशिवाय पाखरू बिचकत नाही. भूगोलाचा मास्तर सांगतोय म्हटल्यावर दादानं विश्वास ठेवला आणि माझ्याबरोबर तासभर सगळ्या सीड्या उगवतीकडं फिरवत बसला. लाजेनं मेल्यासारखं झालं मला.

'साखरपुडा' सापडला. शर्टाच्या आत घालून घरी आणला, भांड्याच्या साबणानं धुतला, कॉम्प्युटरात घातला. पिठाच्या गिरणीसारखी घरघर झाली. पुष्कळ वेळानं दाजींचा फोटो उघडायला लागला, वरून खाली, हळूहळू. पांढरी चादर आली. दादाचे हात आले. गुलाबी फेटा आला. दाजींचं कपाळ आलं. भुवया आल्या. आणि तिथं तो थांबला. खाली सगळा राखाडी पट्टा! बाकीचे सत्कार तर उघडलेही नाहीत.

आता भुवयांपर्यंतचा जावई मी भिंतीला लावायला कसा देऊ?

तेव्हा मी ठरवलं, सत्कार पुन्हा करायचा. आधी दाजींना फोन केला. म्हटलं, दाजी, दादाची फार इच्छा आहे, तुमच्या गावात, तुमच्या घरी येऊन, तुमच्या माणसांसमोर तुम्हाला फेटा बांधायचा.  दाजी म्हणाले, "या. रविवारी या."

मग दादाकडं गेलो. त्याला खरं कारण सांगता येईना, आणि नुसतं चल म्हटलं तर तो म्हणाला, एकदा मान केला ना, परत कशासाठी? तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, दाजींनीच बोलावलंय. त्यांना तुझा सत्कार करायचाय." दादा बघतच राहिला. संध्याकाळी बघतो तर पठ्ठ्या न्हाव्याकडून दाढी करून आला होता.

म्हणजे हिशेब कसा झाला? दाजींना वाटतंय, दादा फेटा बांधायला येतोय. दादाला वाटतंय, दाजी फेटा बांधणार आहेत. आणि मी मंचरहून अगदी तसाच गुलाबी फेटा आणून पिशवीत ठेवलाय. म्हटलं, तिथं गेल्यावर बोलता बोलता फेटा दादाच्या हातात द्यायचा, फोटो काढायचा आणि निघायचं. पाच मिनिटांचं काम.

रविवारी मी आणि दादा जीपनं निघालो. कळंब गेलं, आळेफाटा गेला. आळेफाट्याला ते हॉटेल दिसलं तेव्हा दादा म्हणाला, "हितंच का रं ती तुला ओवाळायची?" मी मान हलवली. 

दाजींच्या दारात पोहोचलो आणि बघतो तर काय? अंगणात मांडव! सतरंज्या! दाजींची सगळी भावकी पांढऱ्या कपड्यांत बसलेली. माईकसुद्धा आणला होता. कोपऱ्यात ओतूरच्या स्टुडिओतला फोटोग्राफर रोलचा कॅमेरा गळ्यात घालून उभा. दाजी मला बाजूला घेऊन म्हणाले, मागच्या फोटोचं काय झालं ठाऊक नाही, म्हणून ह्या वेळी त्यांनी माणूस सांगितला आहे. मी म्हटलं, छान केलंत.

दादा-दाजी शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसले. चहा झाला. पाऊसपाण्याचं बोलणं झालं. मग बोलणं संपलं. दादा वाट बघतोय. दाजी वाट बघतायत. भावकी वाट बघतीय. माईकवाल्यानं दोनदा फुंकर मारून बघितली. अक्का दारातून माझ्याकडं बघत होती, आणि लहानपणी मी कैऱ्या चोरल्या की जशी बघायची तशीच बघत होती.

शेवटी मीच उठलो. पिशवीतून फेटा काढला आणि दोघांच्या मधोमध धरून म्हटलं, "चला, घ्या उरकून."

दाजींनी हात जोडले आणि मान खाली घातली. दादानंही हात जोडले आणि मान खाली घातली. दोन वाकलेली डोकी आणि मधे फेटा धरून मी! पाच सेकंद, दहा सेकंद, कुणी हलेना. फोटोग्राफर डोळा लावून बसलेला, त्यालाही कळेना, दाबायचं कधी.

मग दाजींनी मान तशीच ठेवून हळूच विचारलं, "दादा, बांधताय ना?"

दादा म्हणाला, "मी? पावणं, बांधणार तुमी ना?"

दोघांनी माना वर केल्या, एकमेकांकडं बघितलं, आणि मग दोघांनी मिळून माझ्याकडं बघितलं.

आता लपवण्यासारखं उरलं काय होतं? मी तिथंच, भावकीसमोर, सगळं सांगितलं. प्रोग्राम सांगितला, तीनची लाइट सांगितली, टोपली सांगितली, ज्वारी सांगितली. माईकवाल्यानं माईक जवळ आणून धरला होता, तो बाजूला घे म्हणायचंही मला सुचलं नाही. सांगून झाल्यावर भावकीतल्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "मंग त्या बासष्टातला एक ऱ्हायला म्हन्तूस, त्यो कुनाचा?"

मी म्हटलं, "माझा."

 दाजी खुर्चीतून उठले. चेहरा लालबुंद. म्हणाले, "तवा यादीच्या मागं टाकलं, आता कॉम्प्युटरातून पुसलं. दादा, तुमच्या घराचं माझ्या नावाशी काय वाकडं हाये?"

दादाही उठला. आठ वर्षांपूर्वीही तो असाच मान खाली घालून उभा राहिला होता. अक्कानं पदर तोंडाशी धरला होता. ते मला बघवेना. मी म्हटलं, "दाजी, ती यादीसुद्धा मीच लिहिली होती. कागद पुरला नाही म्हणून तुमचं नाव मागं घेतलं, आणि खाली 'मागे पाहा' असं लिहायला विसरलो. दादाचा त्यात काही संबंध नाही."

मला वाटलं, आता दादा मला तिथंच धरणार. दादा शांतपणे म्हणाला, "मला म्हाईत व्हतं. तुजं अक्षर मला वळखू येत न्हाई व्हय?"

मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?

"नवरदेव व्हतास तू. तुज्या लग्नात तुला कशापायी बोल लावायचा?"

खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं बहिणीची भाऊबीज मी फाट्यावर एकटाच खात होतो, आणि हा माझ्यापायी घरी बसून होता.

दाजी जागच्या जागी उभे. एकदा दादाकडं, एकदा माझ्याकडं बघत. मग हळूहळू खाली बसले आणि म्हणाले, "म्हंजी मी आठ वर्सं चुकीच्या मानसावर रुसलो व्हतो?"

पहिल्यांदा हसली ती अक्का. पदराआडून सुरू झालं ते आवरेचना. मग म्हातारे बाबा, मग सगळा मांडव. दाजी हसायचे नाहीत म्हणून ओठ दाबून बसले होते, पण मिशी हलायला लागली. शेवटी त्यांनी माझ्या हातातला फेटा ओढून घेतला, दादापुढं धरला आणि मान वाकवली. दादानं बांधला. ह्या वेळी तो एकदाच गुंडाळावा लागला. मग दाजींनी तोच फेटा उतरवून दादाला बांधला. ओतूरच्या माणसानं दोन्ही फोटो काढले. रोलवर. तारीख-बिरीख काही न विचारता.

मग दाजी म्हणाले, आता सगळ्यांचा एक. अक्काला मधे उभं केलं, इकडं दादा, तिकडं दाजी, मागं सगळी भावकी. माईकवालासुद्धा येऊन उभा राहिला. मी आपला कडेला, दादाच्या खांद्याशी जाऊन उभा राहिलो, केस सारखे केले. दाजींनी फोटोग्राफरला हातानं थांबवलं.

"मास्तर, तुमी सरा बाजूला," ते म्हणाले. "तुमचा हाये की कॉम्प्युटरात."

अक्का लग्नाला चार दिवस आधी आली आणि लग्न झाल्यावरही चार दिवस राहिली. त्या दिवाळीत भाऊबीज आमच्या घरी झाली, दादाला आणि मला शेजारी शेजारी बसवून. दाजी समोर तोंड करून बसले होते.

तो सगळ्यांचा फोटो आज दोन्ही घरांत लावलेला आहे, मोठा करून, चौकटीत. दादाकडं कुणी पाहुणा आला की फोटो निरखतो, एकेकाला ओळखतो आणि हमखास विचारतो, ह्यात मास्तर कुठं दिसत नाहीत? दादा काही समजावत बसत नाही. माझ्या घराकडं बोट करून एवढंच म्हणतो, "त्यो कॉम्प्युटरात हाये."

आहे ना. परवाच उघडून बघितलं. एकसष्ट माणसं पुसून त्या हुशार प्रोग्रामनं जो एक फोटो राखून ठेवला, त्यात टोपी आहे, टॉवेल आहे, हातात नारळ आहे. डोळे मात्र मिटलेले आहेत.